निवडणुकीच्या अंदाजाला निकाल असतो, गाडीच्या पुरस्काराला नसतो

४ जून २०२४ ची सकाळ. सोलापुरात विजापूर रोडवरच्या गॅरेजमध्ये अण्णांनी माझ्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून फळीवर उलटं ठेवलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीत लोकसभेची मतमोजणी चालू होती. अण्णांनी हेडवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि तिच्याखाली फट मोजायच्या फिलर गेजची एकेक पाती सरकवून पाहू लागले. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज गेली. ०.१० ची गेली. ०.१५ ची जराशी अडखळली, पण गेलीच.

"सर, हेड बेंड झालंय बघा. फेसिंगला टाकावं लागेल, घासून सपाट करायला."

त्या मॉडेलला मिळालेल्या 'कार ऑफ द इयर'चं स्टिकर मागच्या काचेवर अजून होतं. आठ उन्हाळ्यांनी त्याचा रंग उडवला होता. टीव्हीवर तेवढ्यात तीन दिवसांपूर्वीचे एक्झिट पोल कोसळत होते. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात आकडा २९३ वर थांबला. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. चुकलेले हे दोन्ही अंदाज एकाच जातकुळीचे आहेत हे मला त्या स्टुलावर बसूनच उमगलं.

शितावरून भाताची परीक्षा करायची हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि सर्वेक्षणाचं शास्त्र तेच करतं. पातेलं केवढं आहे याने फारसा फरक पडत नाही. नीट सरमिसळ करून उचललेल्या १००० माणसांच्या नमुन्यात एखाद्या पक्षाची टक्केवारी साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते, मग मतदार सोलापूरचे २० लाख असोत की देशाचे ९७ कोटी. पण हा तीन टक्क्यांचा हिशोब एकट्या पक्षाचा. दोघांमधलं अंतर मोजायला गेलं की एकाचं वाढलेलं मत बहुधा दुसऱ्याचं कमी झालेलं असतं, म्हणून चूक जवळपास दुप्पट होते, सहा टक्क्यांपर्यंत जाते. सोलापुरात २०२४ ला प्रणिती शिंदे यांनी राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवलं. झालेल्या मतदानाच्या ते सहा टक्क्यांच्या आसपास भरतं. म्हणजे फक्त आपल्याच मतदारसंघात, अगदी प्रामाणिकपणे हजार जणांना विचारलं असतं, तरी 'कोण येणार' याचं उत्तर कसंबसं हाती लागलं असतं. देशभर ५४३ जागा सांगणाऱ्याकडे एकेका मतदारसंघातून इतकी माणसं क्वचितच असतात. मतांचा कल दोन-तीन टक्क्यांनी हुकला तरी चुरशीच्या डझनावारी जागा एकाच बाजूला कलंडतात, कारण आपल्या पद्धतीत एका मताने जिंकलेलाही पूर्ण खासदार असतो.

ही चूक निदान मोजता येते. खरी पंचाईत होते ती न सापडलेल्या शितांची. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना पोस्टाने कार्डं पाठवली. पत्ते मिळवले होते टेलिफोन डिरेक्टऱ्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीच्या याद्यांतून. जवळपास २४ लाख कार्डं भरून परत आली. एवढा प्रचंड नमुना, आणि त्याने अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले, लँडन यांच्या वाट्याला दोनच राज्यं आली. त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

मंदीच्या काळात मोटार आणि फोन असलेल्या सुखवस्तूंनाच विचारलं म्हणून फजिती झाली, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. मीही तसंच शिकवायचो. पुढे १९८८ मध्ये पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९३७ च्या एका सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली. त्यात लोकांना विचारलं होतं की डायजेस्टचं कार्ड तुम्हाला आलं का, आणि तुम्ही ते परत पाठवलंत का. त्यातून दिसलं की कार्ड मिळालेल्या सगळ्यांनी ते परत पाठवलं असतं, तर त्या सदोष यादीतूनही रूझवेल्टच पुढे दिसले असते. मोठा घात केला तो गप्प बसलेल्यांनी.

७ मेला, आमच्या मतदानाच्या दिवशी, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी ऊन मी म्हणत होतं. टॅब घेतलेला एक पोरगा बूथपासून अंतर राखून लिंबाच्या सावलीत उभा होता. त्याला उत्तरं देत होते ते सावलीतच रेंगाळलेले पुरुष. बायका बोटाची शाई वाळायच्या आत पदर डोक्यावर ओढून झपाझप घराकडे निघाल्या होत्या; कुणाचा स्वयंपाक राहिला होता, कुणाच्या विड्या वळायच्या राहिल्या होत्या. पोराची काही चूक नव्हती. पण त्याच्या टॅबमध्ये जे सोलापूर गेलं ते सावलीतलं.

गाडीच्या पुरस्कारात न सापडलेलं शीत म्हणजे काळ. 'कार ऑफ द इयर'चे परीक्षक गेल्या वर्षभरात बाजारात आलेल्या गाड्याच पाहतात. कोरी गाडी काही दिवस चालवायची आणि गुण द्यायचे. दहा वर्षांनंतरच्या गाडीचं मत तिथे नोंदवलं जाणं शक्यच नाही, कारण ती गाडी अजून जन्मायची असते.

युरोपात १९६८ चा हा मान जर्मनीच्या एनएसयू आरओ ८० ला मिळाला. पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं वांकेल इंजिन, वाऱ्याला कापत जाणारा आकार. पण रोटरच्या टोकांवरचे सील भराभर झिजायचे, वॉरंटीत इंजिनामागून इंजिन बदलून देताना कंपनी खंगली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. आकाराबद्दल परीक्षकांचं चुकलं नव्हतं, पुढच्या कित्येक गाड्यांनी तो उचलला. चुकलं ते सीलबद्दल, आणि सील हजारो किलोमीटर चालल्याशिवाय बोलत नाही. अमेरिकेत 'मोटर ट्रेंड' मासिकाने १९७१ चा पुरस्कार शेव्हरोले व्हेगाला दिला. तिच्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या धडात, आतून लोखंडी लायनर (अस्तर) नव्हते आणि वर हेड ओतीव लोखंडाचं. इंजिन तापलं की सिलिंडरचा आकार बिघडायचा, ब्लॉक आणि हेडमधलं गॅसकेट उडायचं, गाडी ऑइल प्यायची. त्यात पत्राही लवकर गंजायचा. १९७७ मध्ये ती बंद झाली. उलट १९७५ साली युरोपात सिट्रोएन सीएक्सच्या मागे दुसरी आलेली फोक्सवॅगन गोल्फ पिढ्या बदलत अजून चालू आहे, साडेतीन कोटींहून जास्त गाड्या बनल्यात.

माझ्या गाडीत व्हेगाच्या उलट, ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं. ४० सेंटिमीटरचं हेड १०० अंशांनी तापलं तर ते ०.९ मिलिमीटर वाढू पाहतं, खालचा ब्लॉक त्याच्या निम्माच वाढतो, आणि बोल्ट दोघांनाही जखडून धरतात. एवढा फरक सहन करूनच इंजिन बनवलेलं असतं. पण एप्रिलच्या शेवटी मोहोळजवळ इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा पाइप फुटला. काटा लाल रेघेकडे गेला तरी घर जवळच म्हणून मी गाडी दामटली, आणि हेड वाकलं. पाइपचं रबर आठ वर्षं ४२-४३ अंशांत कडक होत गेलं होतं. कुठल्या परीक्षकाला ते पहिल्या महिन्यात दिसणार?

निवडणुकीचं बरं असतं. घोडामैदान जवळ असतं, चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर उत्तरपत्रिका तपासली जाते. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होमविधीनंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू धान्य, गूळ, बोरं यांच्यापुढे कसं वागतं त्यावरून पाऊसपाणी आणि महागाई सांगतात. तो श्रद्धेचा भाग आहे आणि मी दरवर्षी होम मैदानावर जातो. तिथली एक गोष्ट मला शास्त्राच्या अंगानेही मोलाची वाटते. भाकीत चारचौघांत होतं, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत पाऊस कसा झाला ते गावाला माहीत असतं. गाडीच्या पुरस्काराला अशी पुढची संक्रांत नाही. पंधरा वर्षांनी परीक्षकांना बोलावून त्यांचे गुण कुणी ताडून पाहत नाही.

तपासायची सोय मात्र आहे. जर्मनीत ट्यूफ या तपासणी संस्थेचा अहवाल दरवर्षी निघतो. सक्तीच्या तपासणीत कुठल्या मॉडेलच्या किती टक्के गाड्यांत गंभीर दोष सापडले, हे त्यात वयाच्या गटांनुसार, अगदी १२-१३ वर्षांच्या गाड्यांपर्यंत दिलेलं असतं. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीची आकडेवारी कुणालाही पाहायला खुली आहे. माझ्या मते कुठल्याही चषकापेक्षा हे कोष्टक मोठं.

अण्णांकडे एक वही आहे. गाडीचा नंबर, मॉडेल, किलोमीटर, काय गेलं, वीस वर्षांच्या नोंदी. "ह्यात सगळं आहे सर," ते म्हणाले. मी ती तासभर वाचली, आणि तिच्यातही डायजेस्टचंच दुखणं दिसलं. जी गाडी बिघडत नाही ती या वहीत येतच नाही. जी शहरात सगळ्यांत जास्त खपते, ती वहीतही सगळ्यांत जास्त वेळा दिसते, मग ती चांगली असली तरी. भागायला छेद लागतो, म्हणजे त्या मॉडेलच्या एकूण किती गाड्या एमएच-१३ वर, म्हणजे सोलापुरात, नोंदल्या गेल्या तो आकडा. तो परिवहन खात्याच्या नोंदणीत आहे. पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला किती परत आल्या, तेही तिथेच. वहीतला अंश आणि नोंदणीतला छेद एकत्र मांडून मॉडेलनिहाय कोष्टक दरवर्षी छापलं, तर सेकंडहँड गाडीसाठी आयुष्याची पुंजी लावणाऱ्या माणसाला स्टिकर पाहून गाडी घ्यावी लागणार नाही. हे व्हावं असं मला फार मनापासून वाटतं.

दोन दिवसांनी हेड फेसिंग होऊन आलं. नवं गॅसकेट, नवे पाइप. अण्णांनी इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, काटा मधोमध स्थिर राहिला. मग हात पुसून त्यांनी वही ओढली आणि माझ्या गाडीच्या नंबरापुढे लिहिलं: ८६,४१० किमी, कुलंट पाइप, हेड.