आयसीएफ भिंत

थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचून, त्यांच्या पोकळीत सळया बसवून आणि काँक्रीट भरून उभी केलेली भिंत. ‘इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म’ या नावाचे हे लघुरूप आहे. मुंबईकरांच्या तोंडी असलेले लोकलचे आयसीएफ डबे वेगळे. ते नाव चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीवरून आले. नेहमीच्या कामात काँक्रीट घट्ट झाले की सेंटरिंगवाले फळ्या काढून नेतात. या पद्धतीत साचा जागेवरच राहतो आणि पुढे इमारत असेपर्यंत उष्णता अडवण्याचे काम करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घरे झपाट्याने उभारायची होती, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये लाकडाचे तंतू सिमेंटने बांधून केलेले पोकळ ठोकळे वापरात आले. थर्माकोलच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी कॅनडातील बांधकाम व्यावसायिक वेर्नर ग्रेगोरी यांनी मार्च १९६६ मध्ये अर्ज केला. त्यांचा ठोकळा ४८ इंच लांब आणि १६ इंच उंच होता आणि खाचेत खाच बसून एकमेकांत अडकत असे.

आजच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अडीच इंच जाडीचा थर्माकोल असतो, मध्ये प्लास्टिकचे जोड आणि १०० ते २०० मिमी पोकळी. ठोकळे विटांसारखेच सांधेमोड करून रचतात, पण मसाला लागत नाही. आडव्या सळया प्रत्येक थराला जोडांच्या खाचांत बसतात, उभ्या वरून सोडतात. ओळंबा चुकू नये म्हणून भिंतीला एका बाजूने टेकू देतात. काँक्रीट पंपाने, एका वेळी तीन-चार फूट उंचीपर्यंत, साऱ्या घराभोवती फिरत भरतात. घाई केली तर ओल्या काँक्रीटच्या दाबाने ठोकळा फुटतो. वायरिंगसाठी थर्माकोलमध्ये गरम पात्याने झिरी पाडता येते. छिन्नी-हातोडीने भिंत फोडत बसणाऱ्या कारागिराला ही मोठीच सोय आहे.

मुंबईत या पद्धतीचा विचार करताना तुलना मिव्हानशी करावी लागते. शहरातील नव्या टोलेजंग इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदमच ओतण्याची ही पद्धत सर्रास दिसते. तिथेही भिंत अखंड काँक्रीटचीच असते, फक्त साचा काढून पुढच्या मजल्यावर नेला जातो. अशा उघड्या काँक्रीटमधून ऊन भराभर आत शिरते. एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, १६० मिमी काँक्रीटच्या भिंतीतून साधारण साडेतीन वॅट उष्णता जाते. गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून सुमारे दोन, आणि आयसीएफ भिंतीतून जेमतेम पाव वॅट. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी भिंतीला हात लावून पाहिलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

तरीही हा फायदा मुंबईत पुरता पदरात पडेलच असे नाही. इथली हवा उष्ण आणि दमट. रात्रीचा पारा फारसा उतरत नाही. खिडक्या उघड्या ठेवून पंख्याखाली राहणाऱ्या घरात हवा आत-बाहेर एकच असते, तिथे भिंतीची रोधकता फारशी कामी येत नाही. चाळीच्या गॅलरीने आणि खोल छज्ज्यांनी जे साधले होते, ते सावली आणि वारा यांच्या जोरावर. भिंतीचा गुण दिसतो तो एसी चालणाऱ्या बंद खोलीत, आणि तोही काचेवर छज्जा असेल तर. घरांसाठीच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त बाहेरच्या आवरणातून येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घातली आहे. त्या हिशेबात भिंतीबरोबर खिडक्याही धरलेल्या आहेत, हे योग्यच झाले.

खरी अडचण जागेची. १५० मिमी काँक्रीट, दोन्हीकडचा थर्माकोल आणि गिलावा मिळून भिंत ३०० मिमीपर्यंत जाते. बाहेरची भिंत १० मीटर लांब असेल तर मिव्हानच्या तुलनेत सुमारे १५ चौरस फूट जागा भिंतीतच जाते. जिथे मोरीचीही जागा फुटांत मोजून विकत घ्यावी लागते, तिथे हे परवडणे कठीण. त्यामुळे ही पद्धत वसई, कर्जत किंवा अलिबागकडच्या एक-दोन मजली बंगल्यांना अधिक शोभते.

थर्माकोल उन्हात उघडा राहिला की पिवळा पडून भुगा होतो, म्हणून बाहेरून जाळी लावून गिलावा हवाच. थर्माकोल साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतो आणि पेटला तर दाट काळा धूर होतो. अग्निरोधक प्रत आणि आतून जिप्सम बोर्ड किंवा गिलाव्याचे आवरण यांत काटकसर करू नये. वाळवी थर्माकोल खात नाही, पण तो पोखरून वर चढते. पायाजवळची वाळवीरोधक प्रक्रिया चुकली तर वाळवी दिसतही नाही.

या दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न मुंबईत सर्वांत महत्त्वाचा आहे. खारी हवा, पावसाळ्यातली ओल आणि गंजून फुगलेल्या सळया यांनी इथल्या किती इमारतींचे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, सुटून पडले आहे. आयसीएफ भिंतीत थर्माकोल काँक्रीटमधले पाणी उडू देत नाही, त्यामुळे गोणपाट गुंडाळून पाणी मारण्यात हयगय झाली तरी काँक्रीट पिकते. पुढे हवा आणि पाऊसही थेट लागत नाहीत. मात्र भरताना कुठे पोकळी राहिली तर तीही त्याच थराआड झाकली जाते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार बंधनकारक आहे. त्यातली रिबाउंड हॅमरची, म्हणजे हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटची मजबुती अजमावण्याची चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागावरच घ्यावी लागते, थर्माकोलवरून ती होत नाही.

म्हणून काम चालू असतानाच ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा बारीक नळीचा व्हायब्रेटर प्रत्येक कोपऱ्यात आणि खिडकीखाली फिरवावा. नंतर काही ठिकाणी थर्माकोल चौकोनी कापून आतले काँक्रीट डोळ्यांनी पाहावे आणि तुकडा परत बसवून गिलावा करावा. त्या जागा नकाशावर खुणा करून सोसायटीच्या किंवा घराच्या कागदपत्रांत ठेवल्या, तर ऑडिटला येणाऱ्या अभियंत्याला हातोडा कुठे लावायचा हे कळते.