मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण

रासायनिक घडणीवरून पडणारे द्रव्याचे तीन वर्ग. एकाच प्रकारच्या अणूंचे ते मूलद्रव्य. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक वस्तुमान-प्रमाणात रासायनिक बंधाने जोडली गेली की संयुग. निरनिराळे पदार्थ कोणत्याही प्रमाणात नुसते एकत्र असले की मिश्रण. व्याख्या पाठ होतात. पण वर्ग ओळखायचा तो पदार्थ सुटा कसा होतो यावरून. गाळणे, आटवणे, चुंबक फिरवणे एवढ्याने काम झाले तर मिश्रण. रासायनिक अभिक्रिया किंवा विद्युत अपघटन (वीज सोडून पदार्थ फोडणे) लागले तर संयुग. त्यानेही आणखी साधा पदार्थ निघाला नाही तर मूलद्रव्य.

ठाण्याच्या खाडीचे बादलीभर पाणी याला पुरते. भरतीचे गढूळ पाणी हे निलंबन: न विरघळलेले कण पाण्यात तरंगत असतात, म्हणजे विषमांगी (सगळीकडे सारखे नसलेले) मिश्रण. क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरतात आणि गाळ लवकर बसतो. तोच गाळ धुऊन नळाच्या पाण्यात ढवळला तर पाणी कितीतरी वेळ गढूळ राहते आणि बारीक कण प्रकाश विखुरत असल्याने त्यात टॉर्चचा झोत दिसतो. वरचे नितळ पाणी गाळणकागदातून काढले तरी खारटच लागते, कारण ते द्रावण, समांगी (सगळीकडे सारखे) मिश्रण आहे. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरले की हे प्रमाण घटते, आणि असे घटणे-वाढणे फक्त मिश्रणाला जमते.

मुलुंड-भांडुपकडच्या किंवा उरणच्या मिठागरांत पुढचे पृथक्करण ऊन करते. (आगरी समाजाचे नाव या ‘आगरा’शीच जोडले जाते.) क्षार एकदम पडत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि बोमे मापकावर (पाण्याची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) सुमारे २५ अंशांना मीठ धरते. २९-३० अंशांच्या पुढे मॅग्नेशियमचे क्षार मिसळू लागतात, म्हणून उरलेले कडवट पाणी त्याआधीच सोडून देतात. उशीर झाला तर मीठ कडू लागते आणि दमट हवेत पाझरते. म्हणजे आगरातले पांढरे मीठही काटेकोरपणे मिश्रणच. शुद्ध सोडियम क्लोराइड मात्र कुठलेही घ्या, १०० ग्रॅममध्ये ३९.३ ग्रॅम सोडियम आणि ६०.७ ग्रॅम क्लोरीन. ही मूलद्रव्ये मिळवायला वितळलेल्या मिठातून वीज सोडावी लागते; मीठ ८०१° से. ला वितळते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर ऋणाग्रावर (ऋण टोकावर) सोडियम नव्हे, हायड्रोजन मिळतो. तिथे सोडियम लिहिण्याची चूक उत्तरपत्रिकांत हमखास असते.

शाळेतला नेहमीचा प्रयोग लोह आणि गंधकाचा: ७ ग्रॅम लोहकीस, ४ ग्रॅम गंधकाची पूड. तापवण्यापूर्वी चुंबक कीस उचलतो. मिश्रण लाल झाल्यावर ज्योत काढली तरी ते धगधगत राहते आणि काळे आयर्न सल्फाइड उरते; हे संयुग, ते चुंबकाला चिकटत नाही. कीस जास्त पडला, गंजका असला किंवा पूड नीट खलली नाही, तर थंड झालेला गोळाही चुंबकाला चिकटतो आणि मुले ‘मिश्रण’ लिहून मोकळी होतात. विरल आम्ल टाकून पाहायचे तर चिमूटभर काळ्या पुडीवर, मोकळ्या हवेत. त्यातून निघणारा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो.

स्थिर उत्कलनांक (उकळण्याचे तापमान) म्हणजे शुद्ध पदार्थ, या नियमालाही अपवाद आहे. वस्तुमानाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी हे द्रावण ७८.२° से. ला जसेच्या तसे उकळते. साध्या ऊर्ध्वपातनाने (उकळून वाफ पुन्हा थंड करण्याने) पुढे शुद्ध होत नाही. तरी ते संयुग नव्हे: दाब बदलला की हे प्रमाणही सरकते.