कॉलर कोण, हे बॅच फाइलला कसं कळायचं?

१६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी सीबीबीएस हा पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड सुरू केला. मॉडेमने, म्हणजे संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या यंत्राने, फोन लावायचा, इतरांचे निरोप वाचायचे, आपला लिहायचा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत लोकांनी घरच्या पीसीवर असे हजारो बोर्ड चालवले. चालवणारा तो सिसऑप, फोन लावून येणारा तो कॉलर.

खेळासारख्या जादा सोयी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असत, त्यांना डोअर म्हणत. डोअर सुरू करण्याआधी बोर्ड डिस्कवर एक छोटी टेक्स्ट फाइल लिहून ठेवी. ही ड्रॉप फाइल. डोरइन्फो१.डेफ तेरा ओळींची: सातव्या-आठव्या ओळीत कॉलरचं नाव आणि आडनाव, नवव्यात गाव, अकराव्यात अधिकाराची पातळी, बाराव्यात उरलेली मिनिटं. डोअर.सिस ५२ ओळींची, आणि तिच्या चौदाव्या ओळीत चक्क कॉलरचा पासवर्ड, कसलंही कुलूप न लावता.

डोअरला ही फाइल वाचता येई. पण सिसऑपचा बराचसा कारभार बॅच फाइलींवर, म्हणजे एकामागून एक चालवायच्या आज्ञांच्या फाइलींवर, चाले, आणि त्या चालवणाऱ्या कमांड.कॉमला, म्हणजे एमएस-डॉस या तेव्हाच्या पीसीवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या प्रोग्रॅमला, टेक्स्ट फाइलमधली एखादी ओळ उचलून व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या जागेत, ठेवण्याची सोयच नव्हती. म्हणून मध्ये एक चिमुकली युटिलिटी, म्हणजे मदतनीस प्रोग्रॅम, लागे. तिनं ड्रॉप फाइल वाचायची आणि नाव, गाव, पातळी, वेळ बॅच फाइलच्या हाती द्यायची.

सोपं वाटतं, पण अडचण डॉसच्या रचनेतच आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीची, स्वतंत्र प्रत मिळते. प्रोग्रॅम संपला की ती प्रतही जाते. युटिलिटीनं स्वतःच्या प्रतीत काहीही लिहिलं तरी तिला बोलावणाऱ्या बॅच फाइलला ते दिसत नाही. काही जण मेमरीत शिरून कमांड.कॉमची मूळ यादीच बदलत. मला दुसरा मार्ग जास्त सरळ वाटतो: युटिलिटीनं 'सेट' आज्ञांची (ही आज्ञा यादीत नाव-किंमत घालते) एक नवी बॅच फाइल लिहायची आणि मूळ फाइलनं तिला 'कॉल'नं बोलवायचं. ही 'कॉल' आज्ञा डॉस ३.३ मध्ये, १९८७ साली आली.

एवढ्यानं भागत नसे. डॉसच्या 'इफ'ला दोन शब्द सारखे आहेत का एवढंच कळे. ९० मोठे की १००, हे कळत नसे. संख्या तोलायची तर एररलेव्हल वापरावी लागे. प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो हा ० ते २५५ मधला आकडा. 'इफ एररलेव्हल २०' म्हणजे वीस किंवा त्याहून जास्त, म्हणून तपासणी मोठ्या आकड्यापासून खाली करत यायची. युटिलिटीनं उरलेली मिनिटं एररलेव्हल म्हणून परत केली, की वेळ संपत आलेल्या कॉलरला लांबलचक खेळात शिरू न देणं दोन ओळींचं काम होई.

आता धोका पाहा. नाव आणि गाव या ओळी कॉलरनं स्वतः टाइप केलेल्या असतात. त्यात 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि पुढे एखाद्या फाइलचं नाव आलं, तर 'सेट'च्या ओळीत डॉस ते आउटपुट वळवण्याची आज्ञा समजतो. 'सेट' स्क्रीनवर काहीच छापत नसल्यानं ती फाइल रिकामी होऊन बसते. म्हणून अशी चिन्हं गाळून टाकणं हे या युटिलिटीचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी मानतो.

हा प्रश्न डॉसबरोबर संपला नाही. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएमध्ये सीजीआय ही वेब सर्व्हरनं दुसरा प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत आकाराला आली. तीही वेबसाइटवर येणाऱ्याचे तपशील एन्व्हायर्नमेंटमधूनच प्रोग्रॅमकडे सोपवते. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला (शेलमधला) 'शेलशॉक' दोष उघड झाला, तेव्हा लक्षात आलं की ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ हल्लेखोरानं विशिष्ट तऱ्हेनं लिहिली, तर सीजीआयमधून बॅशपर्यंत पोचून ती सर्व्हरवर आज्ञा म्हणून चालत होती.