जुनी फाइल उघडत नाही? सर्वांत आधी, ‘सेव्ह’ला हात लावू नका

जुन्या फाइली उघडून देणाऱ्या आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक ‘फाइल करप्ट झालीय’ असं म्हणतच येतात. कुणाकडे पतसंस्थेचा जुना वार्षिक अहवाल असतो, कुणाकडे वडिलांनी कंपोझ करून घेतलेली नाटकाची संहिता, कुणाकडे खरेदीखतांचे मसुदे, तर कुणाकडे मंडळाची स्मरणिका. नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं, आणि उघडायला गेलं तर मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं, नाहीतर नुसते चौकोन.

यातल्या बऱ्याचशा फाइली ठणठणीत असतात. ज्या प्रोग्रॅमनं ती फाइल लिहिली तो प्रोग्रॅम किंवा ज्या फाँटमधून ती दिसायची तो फाँट नव्या कॉम्प्युटरवर नसतो, एवढंच. मजकूर आत जसाच्या तसा असतो. तो हमखास घालवायचा एकच मार्ग आहे: उलटसुलट दिसणारी फाइल ‘दुरुस्त’ करून त्याच नावानं सेव्ह करणं.

आमच्याच हातून हे झालेलं आहे. दुकान नवीन होतं तेव्हा एका बाईंनी आईच्या जात्यावरच्या ओव्यांची फाइल आणून दिली. नव्या वर्डमध्ये ती वेडीवाकडी उघडली, म्हणून सगळा मजकूर निवडून फाँट मंगल केला आणि सेव्ह केलं. मंगल युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या नव्या पद्धतीचा फाँट, आणि फाइल जुन्या फाँटची. त्यामुळे काहीच सुधारलं नाही. उलट कुठला शब्द मराठी फाँटमध्ये होता आणि कुठला इंग्रजीत, ही फाइलमधली खूण कायमची पुसली गेली. ओव्या शेवटी मिळाल्या, पण मधल्या इंग्रजी टिपा आणि आकडे छापील प्रतीवरून हातानं पुन्हा भरावे लागले. मूळ प्रत आम्ही बाजूला ठेवली नव्हती. त्या दिवसापासून दुकानात आलेल्या फाइलची आधी प्रत होते, मूळ फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण केली जाते, आणि मगच काम सुरू होतं. तुम्हीही घरी एवढं कराच.

ही फाइल आहे तरी कशाची?

नावाच्या शेवटी ‘डॉक’ आहे म्हणजे ती वर्डचीच असते असं नाही. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात वर्डस्टार, वर्डपरफेक्ट हे लिहायचे प्रोग्रॅम वापरणारेही आपल्या फाइलींना तेच शेपूट लावत. खरी ओळख फाइलच्या पोटात असते. प्रत काढा, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी सुरुवातीची अक्षरं पाहा. ‘पी’ आणि ‘के’ ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली तर ती वर्ड २००७ किंवा त्यापुढच्या वर्डची असू शकते. ती फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं असते आणि पीके ही झिपची खूण. महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ आणि ‘आरटीएफ’ दिसलं तर काम सोपं आहे, जवळपास कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडेल. पहिलं अक्षर विचित्र आणि त्यापाठोपाठ ‘डब्ल्यूपीसी’ असेल तर वर्डपरफेक्ट. बघून झालं की नोटपॅड बंद करा. बदल जतन करायचे का असं विचारलं तर नाही म्हणा.

वर्ड ६ किंवा वर्ड ९५ ची फाइल असेल, तर आजचा वर्ड सुरक्षेच्या कारणानं ती उघडायला नकार देतो किंवा नुसती बघू देतो. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, फाइल ब्लॉक सेटिंग्ज या वाटेनं गेलात की जुन्या आवृत्त्यांची यादी दिसते. त्यातली खूण काढली की फाइल उघडते. काम झालं की खूण परत करा. ही अडवणूक विनाकारण नाही, जुन्या फाइलींमधून व्हायरस खरोखरच येतात.

याहून सोपा उपाय म्हणजे लिब्रेऑफिस. हा प्रोग्रॅम मोफत आहे. जुन्या वर्डच्या, वर्डपरफेक्टच्या आणि मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या फाइली तो पुष्कळदा सहज उघडतो. आमच्याकडे यायच्या आधी घरी तो एकदा वापरून पाहा. फाइल उघडली तर आमच्याकडे येण्याची गरजच नाही.

वर्डस्टारची गोष्ट मात्र वेगळी आहे. इंग्रजी मसुदे सांभाळून ठेवलेल्या जुन्या वकिलांकडे अजून या फाइली सापडतात. उघडल्यावर प्रत्येक शब्द नीट दिसतो, फक्त शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच असतं. त्याचं कारण असं की कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर क्रमांकानं साठवतो, आणि इंग्रजी अक्षरांना १२७ पर्यंतचे क्रमांक पुरतात. जुन्या वर्डस्टारनं त्यापुढची मोकळी जागा स्वतःच्या खुणेसाठी वापरली आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवले. छोट्या ‘ए’चा क्रमांक ९७, शब्दाच्या शेवटी आला की तो २२५ होतो. ते १२८ वजा केले की सगळा मसुदा स्वच्छ वाचता येतो. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहिलेल्या पान आणि समासाच्या सूचना तेवढ्या राहतात, त्या आम्ही काढून देतो.

मराठी मजकूर: खरं काम इथे आहे

विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी विंडोज २००० पासून आली. पण आपल्याकडच्या छापखान्यांचं आणि डीटीपीवाल्यांचं काम त्यानंतरही बरीच वर्षं जुन्याच पद्धतीनं चाललं, कारण सगळी पानं पेजमेकरमध्ये लागत आणि पेजमेकरला युनिकोड मराठी जमलंच नाही. म्हणून श्री-लिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव ही जुन्या फाँटची आणि त्यांच्या पॅकेजचीच नावं तुमच्या जुन्या फाइलींशी जोडलेली असतात.

या जुन्या फाँटमध्ये २५६ घरं असत. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. कुठला तुकडा कुठल्या घरात बसवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच लिहिलेली असतात आणि फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’चा क्रमांक जगभर ०९१५ हाच आहे, फाँट कुठलाही असो.

नुसतं वाचायचं किंवा एकदा छापून घ्यायचं असेल तर तो जुना फाँट बसवणं पुरतं. पण मजकुरात शोधायचं असेल, व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, पुढे दुरुस्त करायचा असेल, तर युनिकोडमध्ये रूपांतर करणं भाग आहे. आणि इंटरनेटवरचे फुकट कन्व्हर्टर इथेच घात करतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, कारण ती डावीकडे दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. रफाराचं नेमकं उलटं. अदलाबदल नीट झाली नाही की ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘कार्य’चं ‘कायर्’. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला आपला चंद्रकोरी र पुष्कळदा कळत नाही, आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होऊन बसतं. शंभर पानांत अशा चुका विखुरल्या की त्या शोधण्यापेक्षा पुन्हा टाइप केलेलं परवडतं.

म्हणून आम्ही आधी फाँटचं नेमकं नाव शोधतो. श्री-लिपीतसुद्धा सगळे फाँट एकाच मांडणीचे नाहीत. मग दोन-तीन पानांचं रूपांतर करून तुम्हाला दाखवतो, तुम्ही हो म्हटलंत की पुढे जातो. आणि एक विनंती मनापासून: रूपांतर झालेल्या मजकुराचं शेवटचं प्रूफ तुम्हीच वाचा. गट नंबर, चतुःसीमा, ठेवीच्या रकमा, माणसांची नावं इथली चूक आमच्या डोळ्यांना दिसणार नाही, कारण ती गावं आणि ती माणसं तुमच्या ओळखीची आहेत. जुनी छापील प्रत असेल तर ती शेजारी ठेवून वाचा. आकडे तर वाचाच. एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी फाँट मिसळलेले असले की आकड्यांचा घोळ हटकून होतो.

वर्डमध्ये ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ अशी एक सोय आहे. इंग्रजी फाइलींना ती कधी कधी वरदान ठरते. जुन्या फाँटमधल्या मराठी फाइलीवर ती वापरू नका. मजकूर निघतो पण फाँटची खूण राहत नाही, म्हणजे ओव्यांच्या फाइलीचं झालं तेच.

पेजमेकरच्या फाइली घेऊन येणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली पेजमेकरनंतर आलेल्या, पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅमच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. लिब्रेऑफिसमध्येही मजकूर मिळतो, पण पानाची मांडणी हलते. पानं जशीच्या तशी हवीत की फक्त मजकूर हवा, हे आधी ठरवून या. दोन्हींच्या कष्टांत आणि खर्चात बराच फरक आहे.

फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि पुराचं पाणी

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो, तो आमच्याकडे आहे. तिच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असेल तर तिच्यावर काही लिहिलं जात नाही; आणण्याआधी ती उघडी करून ठेवा. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉपीसाठी जुनं मशीन लागतं, त्यामुळे वेळ जास्त लागेल. पांढरट बुरशी दिसत असेल तर ती फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हमधल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या हेडला लागते, आणि मग त्याच ड्राइव्हमध्ये घातलेली पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी शिरलेल्या घरांतल्या आणि पेढ्यांवरच्या हार्ड डिस्क अजूनही कपाटांत पडून आहेत. त्या ‘एकदा लावून बघू’ म्हणून चालू करू नका. आत गाळ सुकलेला असेल तर फिरणाऱ्या तबकडीवर पहिल्याच फेरीत ओरखडे पडतात. पुढे कधी डिस्क भिजलीच तर उन्हात वाळवू नका, उघडू नका, बंद पिशवीत घालून लगेच दाखवा. अशी डिस्क उघडण्याचं काम आम्ही करत नाही. त्याला धूळमुक्त खोली लागते, आणि ती आमच्याकडे नाही. ते काम करणाऱ्यांकडे पाठवण्याची व्यवस्था तुम्हाला सांगू. तिथून फाइली निघाल्या की पुढचं आम्ही पाहू.

येताना काय आणायचं

मूळ फाइल आणा, कुणी आधी सेव्ह करून दिलेली नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनचा फोटो पाहून आम्हाला काहीच सांगता येत नाही. जुना सीपीयू अजून भंगारात दिला नसेल तर तोच घेऊन या, तो चालू होत नसला तरी. फाँट त्याच्याच डिस्कवर असतात, आणि ज्या फाँटमध्ये तुमचा मजकूर कंपोझ झाला तो बाहेर कुठे शोधण्यापेक्षा तिथेच लवकर सापडतो. जुने सोळा बिटचे प्रोग्रॅम आजच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, म्हणून तो जुना डबा पुष्कळदा नव्यापेक्षा उपयोगी पडतो. त्या फाइलीचा एखादा छापील कागद असेल, अगदी एकच पान, तरी आणा. अक्षरांचं वळण पाहून फाँट ओळखता येतो.

फाइल पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. काम झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी मिळतील: हात न लावलेली मूळ फाइल, युनिकोडमधली वर्डची फाइल आणि छापायला तयार पीडीएफ. तुमच्या कागदपत्रांची प्रत आमच्या कॉम्प्युटरवर तुम्ही सांगाल तोवरच राहते, नंतर तुमच्यासमोर पुसतो.

आणि श्री-लिपीसारख्या पॅकेजबरोबर आलेलं, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते छोटं डोंगल कुठल्या ड्रॉवरमध्ये सापडलं, तर तेही पिशवीत टाका. वरचं नाव पुसलेलं असलं तरी चालेल.