अक्षरं फिरवली की खुनी सापडतो?

कलम आणि कमल. अक्षरं तीच तीन, फक्त जागा बदललेल्या. तीन अक्षरांच्या सहा मांडण्या होतात. दहा वेगवेगळी अक्षरं घेतली तर ३६ लाख २८ हजार ८००. पंधरा घेतली की आकडा १ लाख ३० हजार कोटींच्या पुढे जातो. मग अख्खा परिच्छेदच हाताशी असेल तर त्यातून हवं ते वाक्य काढता येतं, खुनाची कबुलीसुद्धा.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत निदान पाच स्त्रियांचे खून झाले. ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखला जाणारा तो खुनी कधीच सापडला नाही. १९९६ मध्ये एका अमेरिकन लेखकाने त्याचं नाव जाहीर केलं: लुईस कॅरल, म्हणजे ‘ॲलिस इन वंडरलँड’चे लेखक आणि ऑक्सफर्डचे गणितज्ञ चार्ल्स डॉजसन! पुरावा काय, तर त्यांच्या बालपुस्तकांतली अक्षरं फिरवली की खुनाचं वर्णन निघतं. यावर दोन वाचकांनी ‘हार्पर्स’ मासिकाला पत्र लिहिलं. त्यांनी दावा करणाऱ्याचाच परिच्छेद घेतला आणि अक्षरं फिरवून त्यातून त्याचीच कबुली काढली: अमेरिकेतला एक गाजलेला खून मी केला, आणि शेक्सपिअरची सुनीतंही मीच लिहिली. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. ज्या पद्धतीने कुणालाही खुनी ठरवता येतं, तिने कुणीच खुनी ठरत नाही.

राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच्यावरचा संशय तर एका तारखेतच संपतो. ३० सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर लंडनमध्ये दोन खून झाले, तेव्हा तो शेकडो किलोमीटर दूर स्कॉटलंडमध्ये होता.

डीएनए आला की मात्र वाचक नमतो. चित्रकार वॉल्टर सिकर्ट यांच्याबाबत तेच झालं. रिपरच्या नावाने आलेल्या काही पत्रांवरचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागातला) त्यांच्या पत्रांवरच्या डीएनएशी जुळतो, असं सांगितलं गेलं. या डीएनएच्या प्रत्येक पेशीत शेकडो प्रती असतात, म्हणून तो जुन्या कागदावरही तग धरतो. पण तो आईकडून मुलांना जवळपास जसाच्या तसा मिळतो. मावशी, मामा, मावसभावंडं सगळ्यांचा एकच, आणि पिढ्यान्‌पिढ्या मागे गेलं तर हजारो अनोळखी माणसांचाही तोच. समजा तो शंभरात एकाशी जुळतो. तेव्हाच्या लंडनची वस्ती ४० लाखांहून जास्त होती, म्हणजे संशयित झाले ४० हजार. असा डीएनए एखाद्याला संशयातून सोडवू शकतो, एकट्याला पकडून देऊ शकत नाही. शिवाय ती पत्रं बहुतेक खोडसाळ लोकांची होती. जुळलंच तर पत्र लिहिणारा सापडेल, खुनी नव्हे.

२०१४ मध्ये एका रेशमी शालीवरून असाच गाजावाजा झाला. ती बळी पडलेल्या कॅथरीन एडोज हिची, आणि शालीवरच्या डीएनएतला एक बदल २ लाख ९० हजार माणसांत एकाकडेच आढळणारा, असा दावा होता. जाणकारांनी पडताळलं तेव्हा दिसलं, की त्या बदलाच्या जागेचा क्रमांकच एका अंकाने चुकला होता. ३१४ नव्हे, ३१५. आणि ३१५ वरचा बदल युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत असतो.

खरं तर प्रयोगशाळेत जाण्याआधी पोलिसांचा कागद वाचायला हवा होता. त्या रात्री कॅथरीनच्या अंगावर काय काय सापडलं याची बारीक यादी त्यांनी केली होती. चहा-साखरेचे डबे, मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या, कंगवा, एकच लाल हातमोजा, जुन्या कापडाचे बारा तुकडे. शाल त्यात नाही.