सामुदायिक बालवाचनालय

जन्मापासून शाळेच्या वयापर्यंतची मुले आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसे यांच्यासाठी वस्तीतल्या लोकांनीच चालवलेले, पुस्तके घरी नेऊ देणारे छोटे वाचनालय. त्याची जागा पाळणाघरात, दवाखान्यात किंवा कोणाच्या घराच्या पुढच्या खोलीत असते. कधी ते एका पेटीतही मावते. नेहमीच्या वाचनालयाहून ते वेगळे ठरते ते एका कारणाने : इथल्या सभासदाला वाचता येत नाही. वाचणारा दुसराच कोणी असतो. आई, वडील, आजी, आजोबा, थोरले भावंड किंवा पाळणाघरातली ताई. पुस्तके कोणती घ्यायची, दार किती वाजता उघडायचे, नियम किती कडक ठेवायचे, हे सगळे या दुसऱ्या माणसाकडे पाहून ठरवावे लागते. ते न ठरवता उभी केलेली वाचनालये उद्घाटनाच्या फोटोत चांगली दिसतात आणि पुढे बहुधा कुलूपबंद कपाटात संपतात.

पूर्वपीठिका

मुलांसाठी ग्रंथालयात वेगळी जागा असावी, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात १८९६ मध्ये मुलांसाठी मुद्दाम आखलेली खोली सुरू झाली. पण तिचा भर वाचू लागलेल्या मुलांवर होता. रांगणारे मूल ग्रंथालयाचे सभासद असू शकते, ही कल्पना बरीच नंतरची आहे.

वस्तीपातळीवरच्या वाचनालयाचा सर्वांत ठळक नमुना जपानने घालून दिला. लेखिका आणि अनुवादक मोमोको इशीई यांनी १९५८ मध्ये तोक्योतील आपल्या घरात ‘कात्सुरा बुंको’ (बुंको म्हणजे छोटे खासगी वाचनालय) सुरू केला आणि शेजारपाजारच्या मुलांना तो खुला केला. पुढे अशा घरगुती बुंकोंची चळवळच झाली. त्यांतले बरेचसे आयांनी चालवले. १९७४ मध्ये असेच चार बुंको एकत्र येऊन तोक्यो बाल ग्रंथालय स्थापन झाले. घरातली खोली आधी आणि संस्था नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

दुसरा प्रवाह आरोग्यसेवेतून आला. १९८९ मध्ये बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू झाला. तपासणीला आलेल्या मुलाला डॉक्टर पुस्तक देतात आणि ते घरी कसे वाचून दाखवायचे, हे पालकांना सांगतात. दवाखान्यात वाट पाहणाऱ्यांसाठी ठेवलेली पुस्तके नाहीशी होत, हे या उपक्रमाच्या मुळाशी होते. चोरी म्हणून त्याचा बंदोबस्त न करता ‘घरी पुस्तके नाहीत’ असा त्याचा अर्थ लावला गेला. १९९२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ‘बुकस्टार्ट’ या उपक्रमाने तान्ह्या मुलांच्या ३०० कुटुंबांना पुस्तकांची पिशवी आणि ग्रंथालयाचे निमंत्रण दिले. ग्रंथालय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, तान्ही मुले आणि रांगती-चालती मुले यांच्या ग्रंथालयसेवेबद्दल २००७ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

वाचता न येणाऱ्या वयात पुस्तकाचे काम

न्यूझीलंडच्या संशोधक मारी क्ले यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की वाचायला शिकणे शाळेच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही. पुस्तक सुलटे धरणे, पाने एका दिशेने उलटणे, गोष्ट चित्रात आहे आणि बोलले जाणारे शब्द त्या काळ्या खुणांत आहेत हे उमगणे, ही सगळी वाचनाचीच पावले आहेत. वर्षाचे मूल पुस्तक तोंडात घालते, आपटते, चार पाने एकदम उलटते. दीड वर्षाचे झाले की ओळखीच्या चित्रावर बोट ठेवते आणि मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघते. खरे शिक्षण या बघण्यात आहे. मूल उत्तराची वाट पाहत असते.

उत्तर कसे दिले जाते यावर बरेच अवलंबून असते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत विभागले. दोन्ही गट घरी वाचून दाखवत होते. एका गटाला एवढेच शिकवले होते की सलग वाचत जाऊ नका, मुलाला बोलते करा. महिन्याभरात त्या गटातली मुले भाषेच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे गेली. नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा अंतर घटले होते, पण पुसले गेले नव्हते. या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात. तिचे स्वरूप साधे आहे :

‘हे कोण?’
‘भूभू.’
‘हो, काळा भूभू. कुठे चाललाय तो?’
‘पानी.’
‘पाण्यात चाललाय! आता ओला होणार.’

मुलाने एक शब्द दिला, मोठ्याने त्याचे वाक्य करून परत दिले आणि पुढचा प्रश्न टाकला. छापलेला मजकूर इथे वाचलाच गेला नाही, आणि त्याने काही बिघडले नाही. म्हणूनच निरक्षर पालक या वाचनालयाचे पूर्ण हक्काचे सभासद असतात. शब्दांविना चित्रकथा त्यांच्यासाठी संग्रहात असाव्याच लागतात.

मग मजकुराची गरज काय? रोजच्या बोलण्यात तेच ते शब्द फिरत राहतात. २०१५ च्या एका अभ्यासात १०० चित्रपुस्तकांतला मजकूर मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी ताडून पाहिला, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या जास्त भरली. घरात कोणी ‘गुहा’ किंवा ‘डरकाळी’ असे शब्द सहसा बोलत नाही. ते गोष्टीतूनच येतात.

उभारणी

सर्वांत आधी माणूस शोधावा, मग जागा आणि शेवटी पुस्तके. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते, कारण पुस्तके दान मिळतात आणि माणूस मिळत नाही. आठवड्यातून एकदोनदा ठरल्या वेळी दार उघडणारी, मुलांची नावे लक्षात ठेवणारी आणि जमिनीवर बसून गोष्ट सांगायला न लाजणारी व्यक्ती हवी. तिला काही मोबदला मिळावा. निव्वळ हौसेवरचे काम हौस टिकते तोवरच चालते. शिवाय किल्ली आणि कामाची माहिती दुसऱ्या एका माणसाकडेही असावी, नाहीतर पहिली व्यक्ती गाव सोडून गेली की वाचनालयही जाते.

वेळ सांभाळणाऱ्यांच्या सोयीची असावी. पाळणाघरातून मूल न्यायला येण्याची वेळ किंवा लसीकरणाचा दिवस यांसारखे मुहूर्त साधले तर वेगळी फेरी पडत नाही. ‘सकाळी अकरा ते पाच’ ही कचेरीची वेळ आहे. त्या वेळी बहुतेक आईवडील कामावर असतात.

मांडणीत एकच नियम महत्त्वाचा : पुस्तकाचे मुखपृष्ठ समोर दिसले पाहिजे. वाचता न येणाऱ्याला कण्यावरून, म्हणजे बांधणीच्या कडेवरच्या नावावरून, पुस्तक ओळखता येत नाही. तो मुखपृष्ठावरच्या हत्तीवरून ओळखतो. दोन वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर बसक्या पट्ट्या, भिंतीला ताणून बांधलेली दोरी किंवा कापडी खिसे पुरतात. जमिनीवर जाजम हवे आणि मोठ्यांना पाठ टेकायला भिंत. उंच फडताळ लावायचेच असेल तर ते भिंतीला पक्के बांधावे, कारण मुले चढतात.

निवडीबाबत मते अनेक असली, तरी काही गोष्टी ठाम सांगता येतात. पहिल्या दीड वर्षासाठी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, पुसता येणारी पुस्तके. पुढे लयीची, पुनरुक्तीची, रोजच्या जगण्यातली. आणि सगळ्यांत आधी घरच्या भाषेतली, कारण वाचून दाखवणाऱ्याची जीभ ज्या भाषेत सैल सुटते तिच्यातच गप्पा रंगतात. लहान भाषांत अशी पुस्तके फारशी छापली जात नाहीत, ही खरी अडचण आहे. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर खुल्या परवान्याची चित्रपुस्तके आहेत. कोणालाही त्यांचे भाषांतर करून ती छापता येतात.

मुले तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात आणि मोठी माणसे कंटाळतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात, तीच गोष्ट परत परत ऐकलेल्या तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले. वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द ऐकलेली मुले मागे पडली. तेव्हा मर्यादित पैशांत शंभर नावांची एकेक प्रत घेण्यापेक्षा चांगल्या वीस-पंचवीस पुस्तकांच्या चारचार प्रती घेणे शहाणपणाचे. नावीन्यासाठी जवळच्या वाचनालयांनी पेट्या आपसांत फिरवाव्यात.

देणगीतली पुस्तके नाकारण्याचे धैर्य मात्र लागते. जुनी क्रमिक पुस्तके, अर्धे ज्ञानकोश, कोणाच्या तरी बालपणीचे पिवळे पडलेले अंक यांनी कपाट भरते आणि मुलांच्या उपयोगाचे त्यात काहीच नसते. दात्याला पुस्तकांची यादी द्यावी आणि तीच मागावीत.

देवघेव

नोंद जितकी कमी तितकी बरी. वहीत मुलाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि तारीख पुरे. पुस्तकावर रंगीत ठिपका आणि मुलाच्या कार्डावर चित्र असले तर तीन वर्षांचे मूलही स्वतःचे कार्ड शोधून काढते. अनामत आणि दंड या दोन्ही गोष्टी इथे घातक ठरतात. फाटले तर पैसे भरावे लागतील, या धास्तीने पालक पुस्तक घरी नेतच नाहीत, किंवा नेऊन मुलाच्या हाताला लागणार नाही असे वर ठेवतात. विलंबशुल्काने विषमता वाढते, असा ठराव अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये केला. त्याच वर्षी शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते रद्द केले. ‘पुस्तके वापरासाठी आहेत’ हा भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचा १९३१ मधला पहिला सिद्धांत लहान मुलांच्या बाबतीत शब्दशः घ्यावा लागतो. वापरात चावणेही आले.

खेळणी देवघेवीला ठेवण्याची पद्धतही जुनी आहे. लॉस एंजलिसमध्ये ती १९३५ पासूनची. स्वीडनमध्ये १९६३ पासून विकलांग मुलांच्या कुटुंबांसाठी ‘लेकोटेक’, म्हणजे खेळण्यांची ग्रंथालये, उभी राहिली. खेळणी धुणे आणि सुटे भाग मोजणे यात मात्र पुस्तकांहून कितीतरी जास्त वेळ जातो.

परिणाम आणि मोजमाप

अपेक्षा माफक ठेवलेली बरी. बुकस्टार्ट, रीच आउट अँड रीड आणि इमॅजिनेशन लायब्ररी या पुस्तके भेट देणाऱ्या तीन उपक्रमांवरील ४४ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घरातले वाचन आणि मुलांची भाषिक तयारी, दोन्हींवर त्यात परिणाम दिसला, पण तो छोटा होता. पौष्टिक आहार, आरोग्य आणि सुरक्षित घर यांची उणीव वाचनालय भरून काढत नाही.

यशाचा आकडा म्हणून कपाटातल्या पुस्तकांची संख्या सांगितली जाते. ती सर्वांत निरुपयोगी आहे. एका मुलाने महिन्यात किती पुस्तके नेली आणि किती मोठी माणसे पुन्हा आली, हे पाहावे. युनिसेफच्या कुटुंब-पाहणीत घरी मुलांची किमान तीन पुस्तके आहेत का आणि गेल्या तीन दिवसांत कोणी मुलाला वाचून दाखवले किंवा गोष्ट सांगितली का, असे विचारतात. हेच दोन प्रश्न वाचनालय सुरू करण्याआधी आणि वर्षभराने विचारता येतात. वर्षभर एकदाही बाहेर न गेलेले पुस्तक दुसऱ्या वाचनालयाला द्यावे, आणि फाटक्या व हरवलेल्या प्रतींच्या जागी नव्या घेण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी.