माकडताप (क्यासनूर वनज्वर)

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप आहे. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात आणि जंगलाला खेटून असलेल्या काजू-सुपारीच्या बागांत तो आढळतो. कर्नाटक हे त्याचे मूळ घर. पुढे केरळ, तमिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा येथेही त्याचे रुग्ण सापडले. दवाखान्यात त्याला ‘केएफडी’ (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) म्हणतात, कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा रोग. हे नाव माकडांवर थोडे अन्यायच करणारे आहे, कारण या रोगाने माणसाच्या आधी आणि माणसापेक्षा जास्त माकडेच मरतात.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली. आसपासच्या खेड्यांत माणसेही तापाने फणफणत होती. तो ताप आधी विषमज्वर समजला गेला. माकडांची बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) पोहोचली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती पीतज्वराची (यलो फिव्हर). दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ आली की जंगलात आधी माकडे मरतात, आणि आशियात तर हा रोग कधीच शिरला नव्हता. केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम ५ वर्षे झाली होती. मेलेली माकडे, रुग्णांचे रक्त आणि गोचिडी या तिन्हींतून एकच विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद होता. मग तो सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला असेल काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायांत ओळखीची कडी घातली. विषाणू पक्ष्यांनी आणला हे काही सिद्ध झाले नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया मात्र या तापाच्या निमित्ताने घातला गेला.

रोगाचे चक्र समजून घ्यायचे तर गोचिडीचे वर्ष समजून घ्यावे लागते. मुख्य वाहक गोचीड ‘हीमोफायसॅलिस स्पिनिजेरा’ या जातीची. पूर्ण वाढलेली मादी पावसाळ्यात गुरांचे रक्त पिते, जमिनीवर गळून पडते आणि पातेऱ्यात अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यांतून अळ्या निघतात. त्या उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे असे जे हाताशी येईल त्याला चिकटतात. अळी कात टाकून पिल्लू होते; ही पिल्लावस्था साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत जोरात असते. माणसाला चावते ती हीच पिल्लू गोचीड. आकाराने राईच्या दाण्याहून लहान, त्यामुळे चावली तरी पुष्कळांना कळतही नाही. अळीला मिळालेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्या शरीरात टिकून राहतो.

माकडाचे काम इथे सुरू होते. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर या दोघांच्याही रक्तात विषाणू भरमसाट वाढतो आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तो शोषून घेतात. माकड मेले, शरीर थंड पडले की या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा धोक्याचा होऊन बसतो. गुरांची गोष्ट उलटी आहे. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत, पण जंगलात चरायला जाऊन गोचिडींची पैदास पोसतात. माणसापाशी मात्र साखळी तुटते: माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

जंगल तोडून माणूस आत सरकला की ताप उसळतो, असा अनुभव वारंवार आला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी भागात काजू लागवडीसाठी जंगल साफ झाले आणि त्यामागोमाग मोठी साथ आली. काजूची आणि या तापाची गाठ आपल्याकडेही पडली. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले; पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही. काजूच्या हंगामासाठी बेळगाव भागातून गोव्यात गेलेले मजूरही आजारी पडले. बिया वेचण्याचे दिवस आणि पिल्लू गोचिडींचे दिवस एकच असतात. त्यातून बागेत घाणेरीचे रान माजलेले, बोंडू वाकून वेचायचे, खाली पातेरा, आणि दुपारी विसावायलाही तिथेच टेकायचे. लाकूडफाट्याला जाणाऱ्या आणि गुरे राखणाऱ्या माणसाचेही तेच.

लक्षणे : चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकाएकी थंडी वाजून सणसणून ताप चढतो. कपाळ ठणकते; मान, कंबर आणि पोटऱ्या असह्य दुखतात; डोळे लाल होतात. उलट्या-जुलाब होतात. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. बहुतेक जण आठवडा-दोन आठवड्यांत उठतात, पण अशक्तपणा बरेच दिवस जात नाही. दहा-वीस टक्के रुग्णांना ताप उतरून बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप येतो आणि या खेपेला मेंदू ग्रासला जातो: मान आखडणे, हातपाय कापणे, गुंगी, नजर अंधुक होणे. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के मानले जाते.

प्लेटलेट उतरल्या की डेंग्यू समजण्याची चूक सहज होते. कोकणात लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) संशय येतो, पण लेप्टो मुख्यतः पावसाळ्याचा. खरे निदान पहिल्या दिवसांत रक्ताच्या आरटी-पीसीआर चाचणीने आणि त्यानंतर प्रतिपिंडांच्या (आयजीएम) चाचणीने होते. डॉक्टरला ‘बागेत गेलो होतो, जवळ माकड मेले होते’ एवढे सांगितले तरी निम्मे काम होते.

उपचार : विषाणूवर मारा करणारे खात्रीचे औषध नाही. अमेरिका-युरोपातला लाइम रोगही गोचिडीनेच होतो, पण तो जिवाणूचा. डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. ते औषध माकडतापाला चालत नाही. सलाइन, रक्तदाबावर लक्ष, गरजेनुसार रक्त किंवा प्लेटलेट, तापाला पॅरासिटामॉल, एवढेच हाती असते. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. वेळेवर दाखल केले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

बागेत जाण्यापूर्वी उघड्या हातापायांना डेपा तेल लावतात. संरक्षण संशोधन संस्थेने (डीआरडीओ) विकसित केलेले हे तेल आरोग्य खाते वाटते. पूर्ण बाह्यांचा सदरा, विजारीचे पाय मोज्यांत, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. अंगावर गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी; रॉकेल ओतणे किंवा चटका देणे हे उपाय कामाचे नाहीत. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य किंवा वनखात्याला कळवावे. ते त्या जागेभोवती सुमारे ५० फुटांत कीटकनाशक मारतात.

कर्नाटकात अनेक वर्षे एक मृत-विषाणूची लस दिली जात असे. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक (बूस्टर) मात्रा, पुढे दरवर्षी. इंजेक्शन दुखरे असल्याने लोक दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला फिरकत नसत. २००५ ते २०१० मधल्या पाहणीत दोन मात्रांनी ६२ टक्के आणि वर्धकासह ८३ टक्के संरक्षण दिसले. नंतर तिची ताकद अपुरी ठरली आणि वापर थांबला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यानंतर नव्या लशीचे काम हाती घेतले.